गाडी जोडताना माणूस मधे का जातो? बफर, स्क्रू कपलिंग, सीबीसी वगैरे

रूळबाह्य

वंदे भारतच्या धाग्यावर कपलरचा (दोन डबे जोडणाऱ्या भागाचा) विषय निघाला आणि तिथे अवांतर फारच वाढलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

आधी ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या जुन्या पद्धतीच्या) डब्याच्या टोकाला डावी-उजवीकडे दोन मोठ्या गोल थाळ्या दिसतात, ते बफर. मधोमध हूक आणि त्यात अडकवायची स्क्रूची कडी. ओढायचं काम हूक आणि कडी करतात, ढकलण्याचा आणि धक्क्याचा भार बफर घेतात. एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन पद्धतीच्या डब्यांना बाजूचे बफर नाहीतच. मधे एकच पोलादी जबडा, ओढणं-ढकलणं दोन्ही त्यातूनच. म्हणून त्याला सेंटर बफर कपलर म्हणतात, सीबीसी.

बफर आणि हूक ही इंग्लंडची देणगी. सुरुवातीच्या गाड्यांत डबे नुसत्या साखळीने जोडत. गाडी निघताना साखळ्या एकामागून एक ताणल्या जायच्या, थांबताना डबे आपटायचे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचा हेन्री बूथ याच्या नावावर स्क्रू कपलिंग आहे. स्क्रू पिळला की दोन डब्यांचे बफर एकमेकांवर दाबून बसतात आणि मधली ढिलाई संपते. म्हणजे मूळ हेतू प्रवाशांच्या आरामाचा होता, आणि त्या कामात ही जोडणी आजही उत्तम आहे. मालगाड्यांवर मात्र इंग्रजांनी हा खर्च केला नाही. तिथे तीन कड्यांची ढिली साखळीच विसाव्या शतकात बराच काळ चालू राहिली, आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनमधला गार्ड हाताने ब्रेक लावून साखळ्या ताणून धरायचा.

इंग्रजांच्या पद्धतीवर जिथे जिथे रेल्वे बांधली गेली तिथे बफर गेले, पण मापं एक राहिली नाहीत. दोन बफरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर युरोपात १,७५० मिमी, ब्रिटनमध्ये १,७२७, स्पेन-पोर्तुगालच्या रुंद रुळांवर १,९५० आणि आपल्या ब्रॉडगेजवर १,९५५.

आता माझा मुद्दा. कपलरची तुलना करताना लोक ताकद, वजन, वेग मोजतात. मी एकच प्रश्न विचारतो: जोडताना आणि सोडताना माणसाला दोन डब्यांच्या मधे शिरावं लागतं का? या कसोटीवर आपली रेल्वे, युरोप आणि अमेरिका कुठे उभे आहेत ते पाहू. जाणकारांनी भर घालावी.

चकलीचा काटा

वाचनखूण साठवली. मी गाडीत बसले की झोपते, त्यामुळे भर काही घालता येणार नाही. :)

सांधेवाला

रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यातून (डब्यांची देखभाल) निवृत्त झालोय, म्हणून लिहितो.

स्क्रू कपलिंगला माणूस मधे जातो म्हणजे काय ते सांगतो. इंजिन हळू मागे येतं. बफर टेकतात, थोडे दबतात. इंजिन उभं राहिलं, ड्रायव्हरशी खूण झाली की मगच बफरखालून वाकून आत जायचं. कडी उचलून समोरच्या हुकात टाकायची. ती चांगलीच जड असते, पावसात हात घसरतो. मग स्क्रू पिळायचा. नंतर ब्रेकचे पाइप: बीपी (ब्रेक पाइप) पाच किलो दाबाचा, एफपी (फीड पाइप) सहा किलोचा. दोन्ही जोडून अँगल कॉक (पाइपांचे नळ) उघडायचे आणि बाहेर यायचं. सोडताना हेच उलट, आणि तिथे जास्त धोका. कडी पूर्ण ताणलेली असेल तर निघत नाही, मग इंजिनाला इंचभर मागे घ्यायला सांगावं लागतं. त्या वेळी आत असणारा माणूस चुकीचा, आत पाठवणाराही चुकीचा. नियम आहेच, पण गाडी लेट असली की नियमाला पाय फुटतात.

सीबीसीमध्ये हे कमी झालं. जबडा उघडा ठेवायचा, गाड्या टेकवल्या की आपोआप लॉक पडतं. सोडायचं हँडल बाजूला असतं, बाहेर उभं राहून फिरवता येतं. पण ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात ते फक्त लोखंडापुरतं. एअर पाइप हातानेच. एलएचबीला तर वर डब्या-डब्यांमधल्या ७५० व्होल्टच्या केबलचे आयव्ही कपलर, तेही हातानेच. लॉक खरंच पूर्ण पडलंय का हे बघायलाही वाकावं लागतं. सांगायचं म्हणजे कडी गेली, पण माणूस अजून मधे जातोच.

रूळबाह्य

काका, नेमकं हेच. २०२४च्या नोव्हेंबरात बरौनीला इंजिन आणि डब्याच्या मधे सापडून एक कर्मचारी गेला. त्या अपघाताच्या फोटोवर दोन दिवस चर्चा झाली, ड्रायव्हरची चूक की त्या माणसाची यावरच. माणूस मुळात तिथे का होता, हे फारच थोड्यांनी विचारलं.

काळा कोट

कायद्याच्या बाजूने थोडी भर घालते, कारण या विषयावर एक सुंदर निकाल आहे.

अमेरिकेत आधी लिंक-अँड-पिन होतं. एका डब्याची कडी दुसऱ्याच्या खोबणीत जाताना हाताने धरायची आणि वरून खिळा टाकायचा. ब्रेकमनच्या (डबे जोडणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या कामगाराच्या) हाताची बोटं किती कमी आहेत त्यावरून त्याचा अनुभव कळायचा, असं सांगतात. १८७३ मध्ये ईलाय जॅनीने नकल कपलरचं पेटंट घेतलं. हा माणूस इंजिनिअर नव्हता, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात कापडाच्या दुकानात नोकरी करायचा. दोन हातांची वळलेली बोटं एकमेकांत अडकावीत तशी ती रचना. १८८८ मध्ये डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने तीच प्रमाण मानली, पण कंपन्यांना खर्च नको होता. आयोवाच्या लोरेन्झो कॉफिनने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मार्च १८९३ मध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स अॅक्टवर सही केली. कंपन्यांनी मुदत वाढवून घेतली, ती १९०० पर्यंत गेली.

आता खटला. ऑगस्ट १९००, युटामधलं प्रोमोंटरी. जॉन्सन नावाचा ब्रेकमन इंजिनाला डायनिंग कार जोडत होता. इंजिनाला जॅनीचा कपलर, डायनिंग कारला मिलरचा हूक. दोन्ही ‘ऑटोमॅटिक’, पण एकमेकांशी आपोआप जुळत नव्हते. त्याला मधे जावं लागलं आणि हात गेला. खालच्या न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला: कायदा ऑटोमॅटिक कपलर म्हणतो, दोन्हीकडे ऑटोमॅटिक आहेत, झालं. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं. कायद्याचा हेतू माणसाला मधून बाहेर काढणं हा आहे, दोन वाहनं एकमेकांशी आपोआप जुळत नसतील तर कपलर असून नसल्यासारखा.

धागाकर्त्याची कसोटी म्हणजे थोडक्यात हा निकालच आहे.

घाटवाट

कसोटी चांगली आहे, पण एवढ्यावर थांबू नका. कपलर काय भार उचलतो हा प्रश्न आमच्याकडे रोजचा आहे. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी, दोन्ही घाटांत चढ ३७ला १. पुढच्या इंजिनाने एवढी गाडी एकट्याने ओढायची म्हटली तर सगळा ताण पहिल्या कपलरवर येईल. म्हणून मागे बँकर, म्हणजे ढकलणारी इंजिनं लावतात. अर्धी गाडी ओढली जाते, अर्धी ढकलली जाते. ताण कुठे संपतो आणि दाब कुठे सुरू होतो ती जागा गाडीत पुढे-मागे सरकत राहते.

इथे आयसीएफ आणि एलएचबीत फरक पडतो. आयसीएफमध्ये बँकरचा जोर बाजूच्या बफरांतून पुढे जातो. वळणावर आतले बफर जास्त दबतात, बाहेरचे मोकळे होतात. फारच तीव्र वळण आणि भरपूर दाब असेल तर एक बफर दुसऱ्याच्या कडेवरून सटकून अडकूही शकतो, त्याला बफर लॉकिंग म्हणतात. यार्डातल्या तीव्र वळणांवर हे जास्त. मधल्या एकाच कपलरला ही भानगड नाही. तिकडे दुसरी गोष्ट बघावी लागते: वळणावर दोन जबडे समोरासमोर येत नाहीत, आधी हाताने सरळ करून घ्यावे लागतात.

खिडकीची सीट

तुम्ही सगळे एलएचबीचं कौतुक करताय, पण धक्क्यांचं काय? माझ्या आईचा आक्षेप एवढाच, की जुन्या डब्यात गाडी कधी सुटली ते कळायचं नाही आणि आता प्रत्येक स्टेशनला पाण्याची बाटली टेबलावरून पडते. दक्षिणेकडे जाणाऱ्या एका गाडीत वरच्या बर्थवर रात्रभर पोटात गोळा आला होता.

सांधेवाला

आईंचं बरोबर आहे. स्क्रू पिळलेली गाडी एकसंध चालते. सीबीसीत दोन जबड्यांमधे आणि मागच्या ड्राफ्ट गिअरमधे (धक्का शोषणाऱ्या भागात) थोडी थोडी ढिलाई, ती वीस-बावीस डब्यांत जमा होते. इंजिन निघालं की ढिलाई एकेक डबा करत मागे जाते, ब्रेक लावला की उलट. एलएचबीचे सुरुवातीचे रेक (सलग जोडलेले डबे) या बाबतीत वाईटच होते. नंतर बॅलन्स्ड ड्राफ्ट गिअर बसवायला घेतले, त्याने फरक पडला. ड्रायव्हरच्या हाताचाही भाग आहे. तीच गाडी एकजण लोण्यासारखी नेतो, दुसरा हापटवतो.

पण एक लक्षात ठेवा. एलएचबीला जो एच टाइप टाइटलॉक कपलर आहे तो घसरताना सहसा सुटत नाही आणि डबा उचलला जाऊन दुसऱ्यावर चढू देत नाही. स्क्रूच्या गाडीत हूक वर-खाली सटकला की डबा डब्यावर चढतो. २०१६ मध्ये पुखरायांला इंदूर-पाटणा एक्सप्रेस घसरली, दीडशेच्या आसपास माणसं गेली. ते डबे आयसीएफचे होते. त्यानंतर एलएचबीची घाई झाली आणि २०१८ च्या जानेवारीत चेन्नईच्या कारखान्यातून जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा निघाला. बाटली पडते ते मी चालवून घेईन.

राईनकाठ

जर्मनीतून लिहितोय. इथे लोकांना वाटतं युरोप म्हणजे सगळं अद्ययावत. मालवाहतुकीच्या यार्डात येऊन बघा. अजूनही स्क्रू, अजूनही बफर, अजूनही माणूस वाकून आत. दोन बफर, हूक आणि डब्याचं टोक यांच्यामधे माणसाला उभं राहता येईल एवढी मोकळी जागा ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. तिला इथे बर्नर राउम म्हणतात, बर्न शहरात झालेल्या करारांवरून. म्हणजे एकोणिसाव्या शतकात युरोपने माणसाला मधून काढलं नाही, त्याच्यासाठी मधे अधिकृत जागा केली!

स्क्रूची ताकद मर्यादित, त्यामुळे गाडीच्या वजनावर मर्यादा. अपवाद उत्तरेकडे. स्वीडनच्या किरुनाहून नॉर्वेच्या नार्विकला लोहखनिज नेणाऱ्या गाड्यांना रशियन एसए-३ कपलर आहेत, अडुसष्ट वाघिणींची (मालडब्यांची) आठ हजार टनांवरची गाडी.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. १९७० च्या दशकात पश्चिमेकडचा एक आणि पूर्वेकडचा एक असे एकमेकांशी जुळणारे स्वयंचलित कपलर तयार होते. बसवलेच नाहीत. कारण साधं आहे: फ्रान्सची वाघीण पोलंडला जाते, पोलंडची इटलीला. एकट्या देशाने बदललं तर त्याची वाघीण सीमेपलीकडे कुणालाच जोडता येणार नाही. सगळ्यांनी एकदम बदलायचं तर पैसे कुणी द्यायचे? युरोपात चार-पाच लाख मालवाघिणी आहेत.

आता डिजिटल ऑटोमॅटिक कपलिंग, डॅक, अशी योजना आहे. २०२१ मध्ये त्यासाठी शार्फेनबर्ग पद्धतीचा सांगाडा निवडला. कार्ल शार्फेनबर्गने कोनिग्सबर्गमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेटंट घेतलं होतं त्याचं. यात लोखंड, हवा आणि वीज-डेटा तिन्ही एका टेकण्यात जुळतात. रूळबाह्य, तुमच्या कसोटीवर पूर्ण पास होणारा हा एकच.

रूळबाह्य

आणि तोच शार्फेनबर्ग आपल्याकडे मेट्रोत आहे, मुंबई लोकलमध्ये शाकू म्हणतात तोही त्याच कुळातला. गंमत बघा, लोकलला शंटिंग (यार्डात डबे-इंजिनांची तोड-जोड, हलवाहलव) सगळ्यात कमी आणि तिथे सगळ्यात शहाणा कपलर. मालगाडीला रोज तोड-जोड आणि तिथे पाइप हाताने.

निळी शाई

राईनकाठ म्हणतात ‘सगळ्यांनी एकदम बदलायचं’ हे अशक्य. जपानने केलंय.

जपानची रेल्वे मूळ इंग्रजांच्या मदतीने बांधलेली, त्यामुळे बफर आणि स्क्रू. होक्काइदो बेटावर मात्र अमेरिकन इंजिनिअर होते, तिथे जबड्याचे कपलर आधीपासून. शंटिंगमधले मृत्यू आणि जखमी यांचे आकडे बघून रेल्वेने ठरवलं की पूर्ण देश बदलायचा. काही वर्षं तयारी चालली. नवे कपलर बनवून ठेवले, वाघिणींना खालच्या बाजूला बांधून फिरवले, जेणेकरून वाघीण ज्या यार्डात असेल तिथेच तिचा कपलर तिच्यासोबत असेल. कामगारांना सराव दिला. मधे १९२३चा भूकंप झाला तरी बेत सोडला नाही. इंजिनं आणि प्रवासी डबे आधी टप्प्याटप्प्याने बदलले आणि १७ जुलै १९२५ ला होन्शूवर मालगाड्या थांबवून सगळ्या वाघिणींचे कपलर एका दिवसात बदलले. तीन दिवसांनी, २० जुलैला, क्यूशूवर तेच.

मला यात सगळ्यात हुशारीची वाटते ती बांधून फिरवण्याची कल्पना. सामान यार्डात पाठवायचं म्हटलं असतं तर कुठे जास्त, कुठे कमी असा गोंधळ झाला असता.

राईनकाठ

मान्य, पण जपान बेट आहे आणि रेल्वे एकाच सरकारची होती. सीमेपलीकडे जाणारी वाघीणच नव्हती. हा फरक छोटा नाही.

निळी शाई

सोव्हिएत संघ तर बेट नव्हता. त्यांनी १९३५ ते १९५७ अशी बावीस वर्षं घेतली, मधे महायुद्ध. एका दिवसात नाही, पण केलं. बदलाच्या काळात दोन्ही प्रकार एकमेकांना जोडता येतील अशी सोय ठेवली की वेळ काढता येतो.

रूळबाह्य

एसए-३ बद्दल दोन ओळी, कारण तो जॅनीपेक्षा वेगळ्या डोक्याचा आहे. त्याला फिरणारा जबडा नाही. एक मोठा आणि एक छोटा दात असलेलं एकच ओतीव डोकं, दोन डोकी एकमेकांत घसरत बसतात आणि मग आतून कुलूप पुढे येतं. मूळ रचना विलिसन नावाच्या इंग्रजाची. इंग्लंडने वापरली नाही, रशियाने उचलली. थोडं तिरकं आलं तरी जुळतं, थंडीत गोठलेल्या भागांची भानगड कमी. माझं मत विचाराल तर मालगाडीसाठी इतकी साधी आणि टिकाऊ वस्तू दुसरी नाही.

चीनमध्ये मात्र जॅनीच्या कुळातला कपलर. म्हणून तिथून मंगोलियाकडे जाणाऱ्या प्रवासी गाडीचे डबे सीमेवरच्या एरेनहोतला उचलून बोगी (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) बदलतात तेव्हा कपलरही बदलावे लागतात. रुळांच्या रुंदीबद्दल सगळे लिहितात, कपलरचा कुणी उल्लेख करत नाही.

सांधेवाला

निळी शाईंनी म्हटलेली सोय आपल्याकडेही आहे, आणि ती लोकांच्या नजरेत येत नाही. आपल्या वाघिणी साठच्या दशकातल्या बॉक्स नावाच्या वाघिणीपासून सीबीसीकडे गेल्या. प्रवासी डबे त्यानंतर कितीतरी वर्षं स्क्रूवरच राहिले. मग एकाच इंजिनाने दोन्ही कसे ओढायचे? इंजिनाला मधे सीबीसी, बाजूला बफर आणि जबड्याला लोंबणारी स्क्रूची कडी. ट्रान्झिशन कपलर म्हणतात. मालगाडी आली तर जबडा लावा, आयसीएफ रेक आला तर कडी लावा. एकाच डब्याच्या दोन टोकांना दोन प्रकार करून चालवलेले रेकही होते, आणि आयसीएफ सांगाड्याला सीबीसी बसवलेले डबेही निघाले.

ब्रिटिश रेल्वेनेही हेच केलं होतं. त्यांच्या मार्क वन डब्यांना जबड्याचा कपलर आणि मागे सरकणारे बफर, दोन्ही. जबडा वापरायचा असेल तर बफर आत, स्क्रू वापरायचा तर जबडा खाली पाडून बफर बाहेर. काम वाढतं, पण एका रात्रीत सगळं बदलावं लागत नाही.

घाटवाट

ऑस्ट्रेलियाचा एक प्रकार राहिला. पिलबारातल्या लोहखनिजाच्या वाघिणींना फिरणारे कपलर असतात. वाघीण न सोडता, जोडलेल्या अवस्थेतच गोल फिरवून रिकामी करता येते. २००१ मध्ये तिथे ६८२ वाघिणी आणि ८ इंजिनांची सात किलोमीटरवरची गाडी चालवली, वजन नव्व्याण्णव हजार टनांच्या पुढे.

आपल्याकडे कोराडी, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत बॉक्स-एन वाघिणी टिपलरवर उलट्या करतात, तेव्हा प्रत्येक वाघीण आधी सोडावी लागते, नंतर पुन्हा जोडावी लागते. एका रेकमागे किती तोड-जोड आणि किती वेळा पाइप, हिशेब करा. जिथे शक्य तिथे तळ उघडणाऱ्या बीओबीआर वाघिणी वापरतात त्याचं एक कारण हेही.

खिडकीची सीट

वंदे भारतमध्ये धक्के का बसत नाहीत मग? तिथे बफर तर नाहीतच.

रूळबाह्य

त्यात डबे एकमेकांना जवळजवळ कायमचे जोडलेले आहेत, सेमी-पर्मनंट कपलर. ढिलाई नाही. ती जोडणी डेपोत किंवा कारखान्यातच सोडायची, प्लॅटफॉर्मवर नाही. शिवाय मोटरी गाडीभर वाटलेल्या, त्यामुळे एका टोकाला सगळी ओढ नाही. आईंना सांगा, बाटली बिनधास्त ठेवा.

इथेच मला उत्तर दिसतं. प्रवासी गाडीत माणसाला मधून काढायचा सोपा मार्ग म्हणजे गाडी सोडायचीच नाही, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची जागा द्यायची. इंजिन बदलायचा प्रश्नच संपतो. मालगाडीला हे चालणार नाही, तिथे पाइप आपोआप जुळणारा कपलर हवा आणि त्याला पैसे लागतील.

सांधेवाला

पैसे लागतील ते खरं. पण तोवर स्वस्तातलं एक सांगतो, नव्या मुलांना मी हेच शिकवायचो. आत जाण्यापूर्वी ड्रायव्हरकडे स्वतः बघायचं, दुसऱ्याच्या ओरडण्यावर जायचं नाही. शिट्टी एकाच्याच तोंडात. आणि इंजिन हलणार असेल तर आधी बाहेर, मग खूण.

काळा कोट

शिट्टी एकाच्याच तोंडात, हे नियमपुस्तिकेत लिहिलंय का काका? असेल तर कलम सांगा, मला कामाचं आहे.

सांधेवाला

शंटिंगची खूण एकानेच द्यायची हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं. कलमाचा नंबर तोंडपाठ नाही, जुनी वही माळ्यावर आहे. काढून व्यक्तिगत निरोप पाठवतो.